दोघांचे रिपोर्ट एकाच टेबलावर : आनुवंशिक आजाराची शक्यता असलेल्या जोडप्यांनी मूल होण्याआधी काय करावं

बहुतेक जोडपी माझ्यासमोर येतात तेव्हा बाईला पाचवा महिना लागलेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचे, रक्ताचे, साखरेचे कागद नीट घडी घालून ठेवलेले असतात. सगळे तिचे. "आणि यांचा रिपोर्ट?" असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात. मग तो म्हणतो, "मला काय झालंय मॅडम? मी तर धडधाकट आहे."

मी विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी समुपदेशन करते. या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात वाया जातो असं कुणी विचारलं, तर मी नवऱ्याच्या रिपोर्टचं नाव घेईन. बाईची तपासणी तिसऱ्या महिन्यात होते, ती वाहक निघते, म्हणजे तिला स्वतःला आजार नसतो पण सदोष जीन तिच्याकडे असतो, मग नवऱ्याला बोलावणं धाडतात. तो पुण्याला कंपनीत किंवा कापणीच्या कामावर असतो. तो येईपर्यंत चार आठवडे जातात, रिपोर्ट यायला आणखी एक. गर्भाची तपासणी ज्या आठवड्यांत सोपी असते, ते तोवर निघून गेलेले असतात. म्हणून हा लेख गर्भ राहण्याआधीपासून सुरू होतो. तो दोघांनी मिळून वाचावा.

हे कोणाला लागू आहे

घरात कुणाला थॅलेसेमिया मेजर (म्हणजे पूर्ण थॅलेसेमिया), सिकलसेल, रक्त न थांबण्याचा हिमोफिलिया, स्नायूंचा डुशेन आजार असेल, तर आहेच. पण लक्षणं कोणालाच नसली तरी काही जोडप्यांनी विचारायला हवं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, प्रधान, कोरकू या आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या काही अनुसूचित जातींत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या माणसाने तर लग्न ठरतानाच तपासावं. अर्थात जीनला जात विचारता येत नाही. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

दुसरा गट नात्यात लग्न झालेल्यांचा. मामाची मुलगी करणं आपल्याकडे कित्येक घरांत आजही मानाचं समजतात. गोत्र वेगळं असल्याने रूढीला ते चालतं, पण आजी-आजोबा तर दोघांचे तेच असतात. त्यांच्यातल्या एखाद्याकडे लपलेला सदोष जीन असेल, तर तो दोन्ही बाजूंनी खाली येऊ शकतो. मुलात जन्मजात दोष असण्याची शक्यता सर्वसाधारण जोडप्यात दोन-तीन टक्के धरतात, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. याचा अर्थ नव्वदहून अधिक टक्के मुलं निरोगीच होतात, हेही मी प्रत्येक वेळी सांगते. घाबरवून कुणाचं भलं होत नाही.

वारंवार गर्भपात झालेल्या, किंवा आधीचं बाळ कारण न कळता दगावलेल्या जोडप्यांनीही यावं.

पहिली पायरी : वंशावळ, कागदावर

समुपदेशनाला येण्याआधी एका रविवारी बसून दोन्ही घरांच्या तीन पिढ्या लिहून काढा. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावश्या, त्यांची मुलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ. बस, एवढंच.

खरी अडचण रेघांची नसते, बोलण्याची असते. "आपल्याकडे कुणाला आनुवंशिक आजार आहे का?" असं विचारलंत तर सगळे नाही म्हणतील. आजाराचं नाव कुणाला माहीतच नसतं. त्यापेक्षा असं विचारा : कुठलं मूल लहानपणी गेलं? कुणाला दर महिन्याला रक्त चढवायला न्यायचे? कुणाचे सांधे सारखे दुखायचे, डोळे पिवळे दिसायचे? खरचटलं तरी कुणाचं रक्त थांबायचं नाही? चालता चालता सहा-सात वर्षांचा मुलगा पडायला लागला, असं कुणाचं झालं? कुणाच्या मागेपुढे बाळं राहिली नाहीत? हे घरातल्या म्हाताऱ्या आत्याला विचारा. पुरुषमंडळींना सहसा हे ठाऊक नसतं, तिला सगळी बाळंतपणं तोंडपाठ असतात.

नात्यातलं कुणी आजारी असेल तर त्याच्या रिपोर्टची झेरॉक्स मिळवा. तोंडी सांगितलेलं नाव आणि कागदावरचं नाव पुष्कळदा वेगळं निघतं. आजारी मूल हयात असेल तर त्याचा डीएनए नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. दुर्मीळ आजारात पुढच्या बाळाची सगळी तपासणी त्या एका नमुन्यावर उभी राहते, आणि मूल गेल्यावर तो मिळवायचा कुठून?

दुसरी पायरी : रक्त दोघांचं, एकाच दिवशी

दोघांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी रक्त द्यावं, हा माझा हट्ट आहे. मागायच्या तपासण्या दोन : सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी.

आपल्याकडे सिकलसेलसाठी शिबिरात जी झटपट तपासणी होते, ती सोल्युबिलिटी टेस्ट. ती फक्त 'सिकल हिमोग्लोबिन आहे किंवा नाही' इतकंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, म्हणजे गावच्या भाषेत एएस पॅटर्न की एसएस पॅटर्न, हे तिच्यातून कळत नाही. आणि ती थॅलेसेमिया पकडतच नाही. बायको सिकलसेल वाहक, नवऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, म्हणून "काळजी नाही" असं सांगून घरी पाठवलेलं जोडपं मी पाहिलं आहे. नवरा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक होता. एकाचा सिकल आणि दुसऱ्याचा बीटा थॅलेसेमिया मिळून जो आजार होतो, तो बरेचदा सिकलसेलइतकाच त्रासाचा असतो. त्या बाळाला तो झाला. म्हणून दोघांपैकी एकाचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल, तर दुसऱ्याची एचपीएलसी झालीच पाहिजे.

रिपोर्ट हातात आल्यावर काय बघायचं? सीबीसीमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली असेल तर तांबड्या पेशी लहान आहेत. हे लोह कमी असल्यानेही होतं आणि थॅलेसेमिया मायनरमध्येही होतं. मायनरमध्ये पेशींची संख्या मात्र बहुधा भरपूर असते. एचपीएलसीत एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा ४ टक्क्यांच्या वर असेल तर माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता खूप मोठी. ३.३ ते ३.९ च्या मध्ये असेल तर तो सीमेवरचा रिपोर्ट. लोहाची कमतरता हा आकडा खाली ओढते, त्यामुळे सीमेवरच्या माणसाला "नॉर्मल" म्हणून सोडू नये. गर्भ राहिलेला नसेल तर लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा तपासता येतं. गर्भ राहिलेला असेल तर थांबायला वेळ नाही, थेट डीएनए तपासणी करावी. सिकलसेल वाहकात 'एस' (सिकल हिमोग्लोबिन) असतो, पण 'ए' (नेहमीचं हिमोग्लोबिन) त्याच्याहून जास्त असतो. 'एस' जास्त आणि 'ए' थोडाच किंवा अजिबात नाही, तर तो रुग्ण असू शकतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर मात्र एचपीएलसीवर विसंबू नका. त्यात रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं.

वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. मायनर माणूस शेती करतो, पोलिसात जातो, बाळंत होते, नव्वदीपर्यंत जगतो. त्याला औषध लागत नाही. हे वाक्य मी सासूबाई खोलीत असताना मुद्दाम मोठ्याने म्हणते.

दोघांपैकी एकच वाहक निघाला, आणि दुसऱ्याची एचपीएलसी व सीबीसी स्वच्छ असेल, तर बाळाला हा आजार होण्याची भीती नाही. मूल फार तर वाहक होईल. फाइल बंद करा, निश्चिंत व्हा.

तिसरी पायरी : दोघंही वाहक असतील तर शक्यता समजून घ्या

इथे मी चिंचोके काढते. सारीपाटासाठी फोडतात तसे अर्धे केलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. एक अर्धा बाईच्या हातात, एक पुरुषाच्या. पांढरी बाजू म्हणजे सदोष जीन. दोघांनी एकदम टाकायचे. दोन्ही काळे पडले तर बाळ पूर्ण निरोगी. एक काळा, एक पांढरा, तर बाळ तुमच्यासारखंच वाहक. दोन्ही पांढरे तर बाळ आजारी. चार शक्यतांपैकी आजाराची एक, वाहकाच्या दोन, निरोगी एक. म्हणजे आजाराची शक्यता २५ टक्के.

मग मी पुन्हा टाकायला लावते. आणि पुन्हा. कारण जवळजवळ प्रत्येक घरात एक गैरसमज घट्ट बसलेला असतो : "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तिन्ही चांगली होतील." तसं नसतं. दर वेळी डाव नवा असतो. सलग दोन मुलं आजारी होऊ शकतात, आणि चार मुलं होऊन एकही आजारी नसू शकतं.

चिंचोके टाकताना आणखी एक गोष्ट आपोआप दिसते. एक पांढरा तिच्या हातून पडतो आणि एक त्याच्या. "हिच्या माहेरचा आजार" असं म्हणणाऱ्या कितीतरी तोंडांना त्या दोन अर्ध्या बियांनी गप्प केलेलं मी पाहिलं आहे.

जोडप्यातला एक जण स्वतः सिकलसेल रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर आजाराची शक्यता ५० टक्के होते. रुग्ण बाई हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध घेत असेल तर गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ते बंद करण्याचं ठरवावं. मनाने गोळी सोडू नये.

इतर आजारांचं गणित वेगळं असतं. हिमोफिलिया आणि डुशेनमध्ये आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. वडिलांना हिमोफिलिया असेल तर सगळ्या मुली वाहक होतात, मुलगे वडिलांकडून तो घेत नाहीत. हिमोफिलियाच्या वाहक बाईच्या स्वतःच्या रक्तातही रक्त गोठवणारा फॅक्टर कमी असू शकतो, म्हणून बाळंतपणाआधी तो मोजून घ्यावा. डाऊन सिंड्रोम मात्र बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, तरी पहिल्या बाळाची गुणसूत्र तपासणी दाखवून विचारून घ्या.

चौथी पायरी : तुमचे जीन नेमके कुठे बिघडलेत ते शोधणं

एचपीएलसीने "वाहक" इतकंच ठरतं. गर्भाची तपासणी करायची तर दोघांच्या डीएनएत नेमका कोणता बदल आहे ते आधी माहीत असावं लागतं. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वाधिक आढळणारा बदल आयव्हीएस १-५ या नावाचा आहे. सिंधी आणि लोहाणा घरांत ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला पुष्कळदा सापडतो. ही तपासणी गर्भ राहण्याआधी करून कागद फाइलला लावून ठेवला, तर पुढे मोलाचे आठवडे वाचतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आहे. जिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेल कक्षात विचारलंत तर जवळची सोय सांगतील. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात चाळीशीपर्यंतच्या माणसांची तपासणी करून कार्ड देतात. ते कार्ड सोयरिकीच्या बैठकीत पत्रिकेच्या शेजारी ठेवा.

पाचवी पायरी : सगळ्या वाटा टेबलावर

समुपदेशकाने तुम्हाला काय करा ते सांगायचं नसतं. "तुम्ही माझ्या जागी असता तर?" हे मला रोज विचारतात, आणि मी रोज सांगते की तुमच्या घरात मी राहणार नाही. वाटा मात्र सगळ्या सांगायलाच हव्यात.

सगळ्यात जास्त जोडपी जी घेतात ती वाट अशी : नेहमीसारखा गर्भ राहू द्यायचा, अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करायची, आणि निकालावर ठरवायचं. दुसरी वाट, आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत, भ्रूण तयार करून पाचव्या दिवशी त्याच्या काही पेशी तपासायच्या आणि आजार नसलेला भ्रूण गर्भाशयात सोडायचा. ज्यांना गर्भपात कुठल्याही स्थितीत नको, त्यांच्यासाठी ही वाट मोठी दिलाशाची आहे. पण खर्च लाखांत, सुरुवातीची तयारी काही आठवड्यांची, आणि दर प्रयत्नात गर्भ राहीलच असं नाही. त्यानंतरही गर्भाची तपासणी करून खात्री करायला सांगतात. तिसरी, दात्याचं बीज किंवा शुक्राणू. यात दाता त्याच आजाराचा वाहक नाही ना, हे लेखी मागा. चौथी, दत्तक. 'कारा' या दत्तकविषयक केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते, प्रतीक्षा लांब असते, म्हणून मनात असेल तर लवकर नाव घाला. पाचवी, आहे त्या मुलावर थांबणं. सहावी, तपासणी न करता जे येईल ते स्वीकारणं. ही सहावी वाटही वाटच आहे. ती घेणाऱ्यांना मी जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी करायचं तेवढं वचन मागते.

लग्न अजून ठरायचं असेल तर आणखी एक प्रश्न येतो : दोन वाहकांनी लग्न करूच नये का? करू नये असं मी म्हणत नाही. माहीत असून करावं.

सहावी पायरी : गर्भ राहिल्यावरचं वेळापत्रक

पाळी चुकली की आठवड्याभरात फोन करा. सहा ते आठ आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भाचं वय पक्कं करा. पुढचं सगळं त्यावर मोजलं जातं.

अकरा ते तेरा आठवडे : सीव्हीएस. सोनोग्राफीत बघत पोटावरून सुई घालून वारेचा तांदळाएवढा तुकडा घेतात. बाळाला सुई लागत नाही. भूल जागेपुरती, त्याच दिवशी घरी. अनुभवी हातांत यामुळे गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, तो रिपोर्ट सोबत न्या. दोघांचे बदल आधी माहीत असतील तर निकाल साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. जाताना नवऱ्यालाही न्या, प्रयोगशाळेला दोघांचं ताजं रक्त हवं असतं.

ही वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तीच तपासणी करता येते. निकाल येईस्तोवर अठरा-एकोणीस आठवडे होतात. तोवर पोट दिसायला लागलेलं असतं, बाळ हललेलं असतं. निर्णय तोच असला तरी तो किती जड होतो, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

डबल मार्कर, नेहमीची एनआयपीटी आणि सोनोग्राफी यांत थॅलेसेमिया किंवा सिकलसेल दिसत नाही. त्या तपासण्या गुणसूत्रं आणि अवयव बघतात. "सगळे टेस्ट नॉर्मल होते" म्हणणारे आईबाप बहुतेक याच तपासण्यांबद्दल बोलत असतात.

कायद्याचं थोडं. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आनुवंशिक आजाराच्या तपासणीला बंदी घालत नाही, हिमोग्लोबिनचे आजार त्यात नावानिशी परवानगीच्या यादीत आहेत. तपासणी नोंदणीकृत केंद्रातच करावी. आधी तुमची लेखी संमती घेतात. ती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असली पाहिजे आणि तिची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. बाळ मुलगा की मुलगी हे कुणीही, कशाही खुणेने सांगणं गुन्हा आहे. तुम्हीही विचारू नका.

गर्भपाताबद्दल २०२१ मध्ये कायदा बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं, बाळात गंभीर दोष असणं हे त्यातलं एक. चोवीसच्या पुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं. सज्ञान बाईची एकटीची सही पुरते. नवऱ्याची, सासऱ्याची सही कायद्याने लागत नाही. आणि तिला गर्भ ठेवायचा असेल तर तिच्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही.

सातवी पायरी : घरच्यांना सांगणं

रिपोर्ट तुमचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय समुपदेशक तो सासू-सासऱ्यांना सांगणार नाही. पण नवरा वाहक असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला ती शक्यता निम्मी आहे, बायकोच्या भावंडांनाही तशीच. दिराची सोयरीक चालू असताना गप्प बसणं योग्य नाही. मी जोडप्यांना सांगते, नवऱ्याकडच्यांना नवऱ्याने सांगायचं, माहेरी बायकोने. सुनेच्या तोंडून गेलेली बातमी फिरून तिच्यावरच येते. फोनवर सांगू नका. घरी जा, रिपोर्ट दाखवा, आणि "मला काही झालेलं नाही, तुलाही काही झालेलं नसेल, फक्त एकदा रक्त दे" एवढंच म्हणा. हवं तर चिंचोके न्या.

निकाल वाईट आला आणि गर्भ काढावा लागला, तर त्या बाईला बाळंतिणीसारखी विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे उभं करू नका. नवऱ्याला रडू आलं तर त्यालाही रडू द्या. पुढच्या गर्भाची घाई दोघांच्या मनाने ठरवावी, शेजारणीच्या नव्हे.

आठवी पायरी : बाळ झाल्यावर

गर्भाची तपासणी चांगली आली असली तरी बाळाच्या रक्ताने एकदा खात्री करून घ्या. सिकलसेल जन्मल्याबरोबर एचपीएलसीत दिसतं. बीटा थॅलेसेमियाचं वाहकपण मात्र वर्ष होईपर्यंत नीट कळत नाही. बाळ रुग्ण निघालं तर वाट बंद होत नाही. सिकलसेलमध्ये लहानपणापासून पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया यांनी खूप फरक पडतो. थॅलेसेमियात नियमित रक्त आणि साठलेलं लोह काढणारी औषधं लागतात, आणि भावंडाचा एचएलए (पेशींवरची खूण) जुळला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया तिन्ही आहेत, प्रमाणपत्र काढून घ्या.

बाळ वाहक निघालं तर काहीही करायचं नाही. त्याला ना औषध, ना पथ्य. लोहाच्या बाटल्या मात्र रिपोर्ट न बघता वर्षानुवर्षं पाजू नका. एचपीएलसीची एक प्रत लॅमिनेट करून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा, आणि मूल अठरा वर्षांचं झालं की ती त्याच्या हातात द्या.